प्रॉबर्टांच्या शेडमधलं काम

थॉर्नलो गावात मी एकतीस वर्षं टपाल वाटलं. कोणाचं कुत्रं पोटरी धरतं, कोणाच्या दाराची फट इतकी अरुंद की वाढदिवसाचं कार्ड दुमडल्याशिवाय आत जात नाही, बहिणीचं पत्र आलं की कोण दोन दिवस घराबाहेर पडत नाही, हे सगळं मला पाठ होतं. माझ्या निवृत्तीच्या दिवशी डॅफ्नी गॉडसॉल भाषणात म्हणाली होती की या गावाबद्दल क्लाइव्हला ठाऊक नाही असं काही नाही. मी मान खाली घालून हसलो आणि मनात म्हटलं, खरंच आहे. आता ते आठवलं की कान गरम होतात. माझ्या कुंपणापलीकडे, मोजून अठरा पावलांवर एक शेड आहे. त्या शेडमध्ये काम कोण करतं, हे मला अठ्ठावीस वर्षं कळलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे माझ्यासारख्यांसाठीच म्हणून ठेवलंय.

काम एनिड करायची. आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही माझ्याइतके मूर्ख राहणार नाही.

शेड प्रॉबर्ट नवराबायकोची. मॉरिस प्रॉबर्ट डेअरीचा दुधाचा टँकर चालवायचा. सव्वासहा फूट उंच, हात फावड्याएवढे, आणि आवाज इतका हळू की समोरच्याला पुढे वाकावं लागे. एनिड त्याच्या कोपराच्या जरा वर. बोलायला लागली की मात्र मॉरिस बसून घ्यायचा. शेड त्यांच्या परसात, सफरचंदाच्या झाडाखाली. आठ फूट बाय सहा फूट, छपरावर डांबरी कागद, एकच खिडकी आणि तिच्यावर कोळ्यांची वस्ती. दारातून जेवढं दिसे तेवढ्यात रंगाचे वाळलेले डबे, चाक नसलेली ढकलगाडी, जॅमच्या बरण्यांतले खिळे, दोरीने बांधलेल्या फळ्या आणि मोडक्या खुर्च्यांचे पाय. आणि दारात घडीच्या खुर्चीवर मॉरिस. हातात चहाचा मग, मांडीवर रेडिओ, रेडिओवर क्रिकेट, आणि स्वेटरभर लाकडाचा भुसा. त्या भुशामुळे कोणाला कधी शंका आली नाही.

आत डोकावून बघायला काय झालं होतं, असं तुम्ही विचाराल. आमच्याकडे माणसाच्या शेडमध्ये बोलावल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. घराचं तसं नाही. घरात मागच्या दाराने हाक मारत शिरा, किटली आपली आपण ठेवा, बिस्किटं संपवा, कोणी काही म्हणणार नाही. पण शेडच्या दाराशी उभं राहायचं, हवेबद्दल दोन वाक्यं बोलायची, कांदे कसे आलेत ते विचारायचं आणि परत फिरायचं. माझ्या वडिलांनी मला हेच शिकवलं आणि मी ते आयुष्यभर पाळलं. त्याचा मला अभिमानही होता.

"काय मॉरिस, यंदा काय बनतंय?" मी कुंपणावरून विचारायचो.

"पाळणा," तो म्हणायचा.

"ओकचा का?"

"ओकच असणार."

असणार! स्वतःच्या हातातल्या लाकडाबद्दल कोणी 'असणार' म्हणतं का? पण मला वाटायचं, मोठी माणसं अशीच बोलतात. नवशिका असता तर लाकडाच्या सात पिढ्या सांगितल्या असत्या.

दर ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी आमच्या क्रिकेटच्या मैदानावर तंबू ठोकतात आणि गावाचं प्रदर्शन भरतं. भाज्या, केक, जॅम, विणकाम, लाकूडकाम. मी प्रदर्शनाचा चिटणीस, डॅफ्नी अध्यक्ष. नियम कडक आहेत: वस्तू देणाऱ्याने स्वतः केलेली हवी, आणि परीक्षक फिरत असताना नावाची चिठ्ठी पालथी ठेवायची. लाकूडकामाच्या विजेत्याला चांदीचा चषक मिळतो. त्याच्या बैठकीवर छोटे पत्रे ठोकलेले असतात, आणि दर वर्षी एकावर नाव कोरतात. त्यातल्या सतरा पत्र्यांवर मॉरिस प्रॉबर्ट. काही पोरं समजायची की चषकाचंच नाव मॉरिस प्रॉबर्ट आहे.

चषक घेताना तो दर वर्षी एकच वाक्य बोलायचा. "आमच्या शेडमधलं काम आहे. तुम्हाला आवडलं, आनंद झाला." एवढं म्हणून टोपी डोक्यावर ठेवायचा आणि गर्दीत एनिडला शोधायचा. आम्ही एकमेकांना म्हणायचो, बघा, याला म्हणतात नम्रपणा.

दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरमध्ये मॉरिस गेला. जानेवारीत आमच्या समितीची बैठक झाली. लाकूडकामाच्या चषकाला मॉरिसचं नाव द्यावं, असं मी सुचवलं. सगळ्यांनी हात वर केले, डॅफ्नीचे डोळे भरून आले, आणि एनिडला सांगायचं काम माझ्यावर आलं.

एनिडने ऐकून घेतलं. चहात साखर घातली, ढवळली, परत ढवळली.

"क्लाइव्ह," ती म्हणाली, "ऑगस्टपर्यंत थांबा सगळे."

"अगं, सगळ्यांनी मनापासून..."

"मनापासूनच आहे, मला माहीत आहे. म्हणूनच सांगतेय, थांबा."

मला वाटलं, दुःख अजून ताजं आहे. तिच्या मनात काय होतं ते मला नंतर कळलं. तिला एकदा, फक्त एकदा, स्वतःच्या नावाने तो चषक उचलायचा होता, आणि तो उचलताना मॉरिसला खोटारडा ठरू द्यायचं नव्हतं. आम्ही चषकावर त्याचं नाव कायमचं ठोकलं असतं तर तिला पुढे तोंड उघडायची सोय उरली नसती.

फेब्रुवारीत वादळ झालं आणि बसथांब्याजवळचा ओक पडला. तो ओक म्हणजे आमचा सूचनाफलक होता. हरवलेली मांजरं, विकायचे पाळणे, पियानोच्या शिकवण्या, प्रदर्शनाची तारीख, सगळं आम्ही त्याच्या खोडावर खिळ्यांनी ठोकायचो. ग्रामसमितीने वर्षानुवर्षं 'ठोकू नये' अशी पाटी लावली होती. तीही ठोकलेलीच होती. खोडाचे तुकडे झाले तेव्हा गावाने जळणासाठी नेले. एनिडने एक जाड, बुंध्याकडचा तुकडा मागितला, आणि मीच तो ढकलगाडीवर घालून तिच्या परसात नेऊन टाकला.

"हा पेटायला दोन वर्षं वाळवावा लागेल हं," मी म्हटलं.

"मला कुठे घाई आहे?" ती म्हणाली.

दुसऱ्या आठवड्यापासून शेडमधून आवाज यायला लागले. मोगरीचे ठोके, करवत, काहीतरी आपटल्याचा आवाज, मधूनच एनिडची एखादी शिवी. सकाळी दहा ते बारा, रविवार सोडून रोज. मी माझ्या वाफ्यात उभा राहून ऐकायचो आणि मला गलबलून यायचं. बिचारी रागाच्या भरात मॉरिसचं सामान फोडतेय, असं मी ठरवून टाकलं. डॅफ्नीलाही सांगितलं. डॅफ्नीने आणखी चौघींना. सगळं गाव दबकत चालायला लागलं. पाच महिने ते ठोके आम्ही ऐकले, पण "एनिड, आत काय चाललंय?" एवढं एक वाक्य कोणाच्या तोंडून निघालं नाही. आम्ही तिच्या पायरीवर मटणाचा पाय ठेवून आलो, सफरचंदाचा मुरंबा ठेवून आलो, दोडक्याएवढ्या शेंगा ठेवून आलो, आणि मूग गिळून घरी परतलो. दुसरं कुठलं गाव असतं तर एखादी म्हातारी सरळ आत घुसली असती आणि पाच मिनिटांत उलगडा झाला असता.

प्रदर्शनाच्या सकाळी एनिड तंबूत आली. ढकलगाडीत गोणपाटाखाली एक वस्तू होती. तिने ती लाकूडकामाच्या टेबलावर ठेवली, चिठ्ठी पालथी केली आणि गोणपाट उचललं.

तीन पायांचं स्टूल. बसायला जाड ओकची फळी, मधे हलकीशी खोलगट, आणि ॲश लाकडाचे तीन तिरके पाय. एवढंच. पण मी त्याच्याभोवती दोनदा फिरलो. जिथे हात ठेवावासा वाटे तिथे कड गोल झालेली होती. एक खिळा नाही, सरसाचा थेंब नाही. लाकूड ओलं असताना बैठकीला भोकं पाडायची, आणि पाय मात्र चुलीजवळ खडखडीत वाळवून त्यांत ठोकायचे. मग बैठक वाळता वाळता आक्रसते आणि पायांना अशी धरते की घण घालूनही सुटत नाहीत. जुने लोक असं करायचे. बैठकीवर चार काळेनिळे डाग होते, प्रत्येकाला रेषांच्या दिशेने पसरलेली शेपटी. तेवढं लाकूड टाकून का दिलं नाही, असं माझ्या मनात आलं.

परीक्षक लडलो शहराहून आले होते, मिस्टर क्रम्प. कोरडा माणूस. त्यांनी स्टूल उलटं केलं, पायांवर अंगठा फिरवला, मग चक्क त्याच्यावर बसले आणि उठायचं नाव घेईनात. बाकीच्या नऊ वस्तूंकडे परत बघितलंही नाही. पहिलं बक्षीस. आम्ही चिठ्ठी सुलटी केली. तिच्यावर लिहिलं होतं, एनिड प्रॉबर्ट.

डॅफ्नीने माझा दंड धरला. "क्लाइव्ह, हे मॉरिसचं शेवटचं काम."

"नियमाप्रमाणे मग बसत नाही," मी म्हटलं. "स्वतः केलेलं हवं."

"आज नियम काढू नकोस. तिने त्याच्यासाठी आणलंय."

मी नियम काढला नाही. उलट भाषणासाठी दोन वाक्यं मीच लिहून दिली. चांगलं करतोय असं वाटत असताना माणूस किती वाईट करू शकतो, याचा नमुना म्हणून तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

चार वाजता बक्षिसं सुरू झाली. लीकच्या जुड्या, कांदे, केक, आणि मग डॅफ्नीने चषक हातात घेतला. "या वर्षीचा लाकूडकामाचा मान आपल्या लाडक्या मॉरिसच्या अखेरच्या कलाकृतीला. त्याच्या वतीने एनिड."

टाळ्या झाल्या. इतक्या वेळ टाळ्या आमच्या गावात कधी वाजल्या नव्हत्या. एनिड पुढे आली. निळा कोट, पांढरे केस नीट विंचरलेले. डॅफ्नीने चषक पुढे केला. एनिडने हात पुढे केले नाहीत.

"ते मी केलंय," ती म्हणाली.

"हो गं, तूच आणलंस ते..."

"आणलं नाही, डॅफ्नी. केलं. हेही आणि आधीची सतराही."

तंबूत कोणीतरी खोकलं. आमच्याकडे संकट आलं की आधी खोकतात. मागून एक बाई दुसरीला हळूच म्हणाली, "दुःखाने होतं असं." ते एनिडने ऐकलं. तिचा चेहरा लाल झाला आणि हनुवटी थरथरली. मला वाटलं, आता ही रडणार, आणि रडली की संपलं. सगळे तिला खुर्चीत बसवतील, चहा देतील, आणि हा विषय पुन्हा कधी निघणार नाही.

"एनिड, आपण चहा घेऊ या का?" डॅफ्नी खरोखर प्रेमाने म्हणाली.

"चहा नको मला," एनिड म्हणाली. "क्लाइव्ह, इकडे ये."

मी गेलो. सगळं गाव बघत होतं.

"हे डाग बघ. काय आहे ते सांग."

मी वाकलो. ओकच्या लाकडात लोखंड घुसलं की ते काळंनिळं होतं, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. डागांच्या मध्यभागी खिळ्यांची भोकं होती. चारही डागांचा मिळून एक उभा चौकोन होत होता. मी नकळत पंजा ठेवून अंतर मोजलं. वरच्या उजव्या कोपऱ्यातला डाग तिरका होता. एकतीस वर्षं मी प्रदर्शनाची सूचना त्या झाडावर त्याच जागी ठोकत होतो, आणि वरचा उजवा खिळा दर वेळी माझ्याकडून वाकडा जायचा, कारण तिथे एक गाठ होती. त्यावरून मॉरिस मला चिडवायचा.

आता मला बोलायचं होतं. आपण पाच महिने बहिरे आणि अठ्ठावीस वर्षं आंधळे होतो, हे साऱ्या गावासमोर आपल्याच तोंडाने सांगायचं होतं. एनिड माझ्याकडे बघत होती, विनवत नव्हती. तिला फक्त खरं हवं होतं.

"हे माझे खिळे आहेत," मी म्हटलं. मागच्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून परत म्हटलं. "हे माझे खिळे आहेत. ही बैठक बसथांब्याच्या ओकची आहे. तो फेब्रुवारीत पडला. त्याचा बुंधा मीच हिच्या परसात टाकला."

आणि मग सगळ्यांना कळायला हवं ते मोठ्याने म्हणालो, "मॉरिसला आपण नोव्हेंबरमध्ये पुरलं."

कोणी खोकलं नाही.

मिस्टर क्रम्प मागे उभे होते. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ते पुढे आले आणि टोपी काढून म्हणाले, "मॅडम, या पायांची भोकं कोणी शिकवली तुम्हाला?"

"वडिलांनी," एनिड म्हणाली. "रानात खुर्च्यांचे पाय तासायचे. मुलगा नव्हता त्यांना. मी होते."

"त्यांना मुलगा लागलाही नसता," क्रम्प म्हणाले.

मग डॅफ्नीने विचारलं, जे सगळ्यांनाच विचारायचं होतं. "पण मग मॉरिस...?"

"मॉरिसला पटाशी आणि पेचकस यांतला फरक कळायचा नाही," एनिड म्हणाली, आणि पहिल्यांदाच हसली. "एक्क्याण्णव साली तुमच्या पत्रकात छापलं होतं, लाकूडकाम फक्त पुरुषांसाठी. मी पाव कापायचा पाट केला होता. हा म्हणाला, माझ्या नावाने देऊन बघू, गंमत. बक्षीस मिळालं. पुढच्या वर्षी परत मिळालं. नंतर तुम्ही तो नियम काढून टाकलात, तेव्हा हा म्हणाला, आता सांगून टाकू या. मीच नको म्हटलं. लोकांनी त्याला खोटारडा म्हटलं असतं."

चषकावरच्या पत्र्यांवर तिने बोट फिरवलं.

"तो खोटं कधी बोलला नाही. आठवून बघा. 'मी केलं' असं एकदा तरी म्हणाला का?"

आम्ही आठवून बघितलं. तंबूतला प्रत्येक जण तेच आठवत होता, चेहऱ्यांवरून कळत होतं. आमच्या शेडमधलं काम आहे. सतरा वेळा तो हेच म्हणाला होता, आणि सतरा वेळा आम्ही त्याच्या नम्रपणाचं कौतुक केलं होतं.

"हॉस्पिटलात मला म्हणाला," एनिड म्हणाली, "पुढच्या वर्षी तुझ्या नावाने दे. मी तिथे उभा राहून टाळ्या घ्यायचो, तेव्हा मला दर वेळी वाटायचं की ओरडून सांगावं. इतका अभिमान वाटायचा त्याला. माझा."

डॅफ्नी रडत होती. तिने डोळे पुसले, घसा साफ केला, आणि अध्यक्षाच्या आवाजात पहिल्यापासून सुरुवात केली. "या वर्षीचा लाकूडकामाचा चषक, एनिड प्रॉबर्ट यांना, त्यांनी स्वतः केलेल्या स्टुलासाठी." या खेपेला टाळ्या जरा उशिरा सुरू झाल्या, कारण लोक आधी उभे राहिले. एनिडने चषक दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला, क्रिकेटवाले उचलतात तसा. शहात्तर वर्षांची बाई. मला माझ्या गावाचा, त्या झाडाचा, आणि माझ्या वाकड्या खिळ्याचासुद्धा अभिमान वाटला.

समितीने पुढे ठराव केला की जुने सतरा पत्रे बदलून त्यांवर तिचं नाव कोरावं. तिने साफ नकार दिला. "त्याने अठ्ठावीस वर्षं चहा आणून दिलाय, त्याचं नाव राहू दे. यंदाच्या पत्र्यावर माझं पुरे. आणि पुढे जागा सोडा."

सप्टेंबरमध्ये एका सकाळी तिने कुंपणावरून हाक मारली. "क्लाइव्ह, शेडमध्ये ये."

मी दाराशी जाऊन नेहमीच्या जागी थांबलो.

"आत ये म्हटलं. हवेबद्दल नंतर बोलू."

मी आत पाऊल टाकलं. सामान इतकं की दोन माणसांना श्वास घ्यायलाही पाळी लावावी लागेल. भिंतीवर पटाश्या, दोन मुठींच्या सुऱ्या, करवती, सगळ्यांची धार लखलखीत. कोपऱ्यात लाकूड पायाने दाबून धरायची बुटकी घोडी, वडिलांची. आणि खिडकीखाली कामाचं टेबल. ते मी बघितलं आणि मला हसूही आलं आणि लाजही वाटली. ते माझ्या कमरेच्या बरंच खाली होतं. पाच फुटांच्या बाईच्या हाताला बरोबर येईल असं. सव्वासहा फुटांचा मॉरिस त्यावर एक तास वाकला असता तर पाठ धरून घरी गेला असता. अठ्ठावीस वर्षांत एकदा, फक्त एकदा आत नजर टाकली असती तरी पुरलं असतं.

"बस," एनिड म्हणाली. तिने मॉरिसची घडीची खुर्ची दारात उघडली. "किटली तिकडे. दूध कमी घाल. आणि मी मोजत असले की बोलायचं नाही."

आता मी बहुतेक सकाळी तिथे असतो. रेडिओ मांडीवर, चहाचा मग हातात, स्वेटरवर भुसा. काल नव्या पाद्र्यांची सायकल कुंपणाशी थांबली. गावात येऊन त्यांना महिनाच झालाय. त्यांनी हात केला आणि मला विचारलं, "काय क्लाइव्ह, यंदा काय बनवताय?"

मी उठून उभा राहिलो, म्हणजे दार मोकळं झालं आणि आतलं दिसायला लागलं.

"मी चहा बनवतो," मी म्हटलं. "बाकीचं एनिडला विचारा. आत या."